दुसऱ्याचा खेळ, घरचा पैसा

मुलें स्वतः खेळतात त्याहून अधिक वेळ दुसऱ्याचा व्हिडिओ गेम यूट्यूबवर पाहत बसतात, ही तक्रार चाळीसगांवांतहि घरोघर ऐकूं येते. नुसत्या पाहण्यास माझा आक्षेप नाहीं; आखाड्याभोंवतीं बसणारे सारेच कांहीं मल्ल नसतात. प्रश्न आहे तो पाहतां पाहतां होणाऱ्या खरेदीचा.

आपला खेळ असा थेट दाखवणाऱ्यास स्ट्रीमर म्हणतात. खेळ विकणाऱ्यांसहि त्याचें भय वाटतें. एप्रिल २०१७ मध्यें अ‍ॅटलस या जपानी कंपनीनें, ‘पर्सोना ५’ हा कथाप्रधान खेळ कथेंतील ७ जुलै या तारखेपुढें दाखवूं नये, दाखवल्यास चॅनेलवर कारवाई होऊं शकेल, असें बजावलें. ओरड होतांच त्याच महिन्यांत क्षमा मागून ती मर्यादा १९ नोव्हेंबरपर्यंत नेली. कथेचा शेवट आधींच कळला तर गिऱ्हाईक फिरकणार नाहीं, ही भीति अगदींच पोकळ नव्हे. तरीपण माल पाहून घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे, आणि असल्या बंदीनें तोच आंखडतो.

खरी बंदी हवी ती लपवाछपवीवर. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा खेळ फुकट. परंतु त्यांतील भारी पोशाख पैसे देऊन घेतलेल्या ‘यूसी’ नाण्यांवर, आणि पुष्कळदां दैवावर हवाला ठेवून पेट्या उघडल्यावर मिळतात. स्ट्रीमर लागोपाठ पेट्या उघडतो. दुर्मिळ पोशाख निघाला कीं जल्लोष! ते पैसे त्याचे स्वतःचे, कीं कोणीं दिलेले, हें बारा वर्षांच्या मुलास कसें कळावें? २०२१ मध्यें हा खेळ आला तेव्हां अल्पवयीनांस दिवसाला ३ तास व ७,००० रुपये अशी मर्यादा होती. दिवसाला सात हजार! हिला मर्यादा म्हणावें कीं आमंत्रण?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानें जानेवारी २०२३ मध्यें सांगितलें आहे कीं, पैसे वा फुकट वस्तु घेऊन शिफारस करणाऱ्यानें तसें स्पष्ट सांगावें, आणि थेट प्रक्षेपणांत ती सूचना सबंध वेळ ठळक दिसावी. मुंबईच्या जाहिरात मानक परिषदेचे असेच नियम २०२१ पासूनचे आहेत.

एकत्र कुटुंबांत फोन आजोबांचा, खातें काकांचें आणि बोट नातवाचें, अशी स्थिति असते. तेव्हां वडीलधाऱ्यांपैकीं कोणीं तरी मुलाशेजारीं अर्धा तास बसून, न रागावतां, ‘ती जाहिरातीची सूचना कोठें आहे, दाखव पाहूं’ असें विचारावें. यूपीआयचा गुप्त आंकडा मात्र मुलांच्या देखत दाबूं नये.