स्विंगचा साचा नको, क्रम शिकवा

आपल्याकडे गोल्फ अनेकांच्या हाती येतो तो चाळिशीनंतर. भोपाळच्या गोविंदपुऱ्यात ‘भेल’च्या वसाहतीत राहणारा, वर्षानुवर्षे टेबलाशी बसून खुबे आखडलेला एखादा अभियंता या खेळाकडे वळला, तर त्याच्यापुढे आदर्श असतो मोबाइलवर दिसणाऱ्या विशीतल्या व्यावसायिक खेळाडूचा. त्या खेळाडूची कंबर जेमतेम वळते, खांदे मात्र नव्वद अंशांपलीकडे जातात. हाच खरा स्विंग, असे शिकणाऱ्याला वाटते आणि पुष्कळदा शिकवणाऱ्यालाही. ही समजूत चुकीची आहे. स्विंगचे दिसणे उचलण्यात अर्थ नाही. उचलायचा तो जोर लावण्याचा क्रम. रूप ज्याच्या त्याच्या सांध्यांना ठरवू द्यावे.

अव्वल खेळाडूंकडे पाहिले तरी हे पटते. बेन होगन यांच्या 1957च्या पुस्तकाने स्विंगच्या नीटस प्रतलाची कल्पना पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात रुजवली. पण जिम फ्युरिकची काठी वर जाताना एका वाटेने जाते आणि मोठा वळसा घेऊन दुसऱ्याच वाटेने खाली येते. तरी त्याने 2003ची अमेरिकन ओपन जिंकली आणि 2016मध्ये पीजीए टूरवर 58 फटक्यांची फेरी खेळली. ब्रायसन डीशॅम्बोच्या सगळ्या आयर्न एकाच लांबीच्या, स्विंग जवळपास एकाच प्रतलातला. अमेरिकन ओपन त्याच्याकडेही दोनदा आली. आपल्या जीव मिल्खा सिंगचा स्विंग कधीच पुस्तकी नव्हता, पण 2012ची स्कॉटिश ओपन त्याने चाळिशीत जिंकली. या साऱ्यांत समान काय? काठी खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात जमिनीला पायांनी दिलेला रेटा आधी कंबर फिरवतो, मग धड, मग हात, आणि सर्वांत शेवटी काठीचे टोक वेग घेते. भोपाळ हे हॉकीचे शहर आहे. ड्रॅग फ्लिक पाहणाऱ्याला पायांकडून मनगटाकडे जाणारा हा प्रवास नवा नाही.

रूपांतला फरक शरीराला मात्र जाणवतो. कमरेचे मणके वाकण्यासाठी घडलेले आहेत; पीळ घेण्याची त्यांची क्षमता दर सांध्याला अवघी दोन-तीन अंश. वळण्याचे खरे काम छातीमागचे मणके आणि खुबे करतात. आधुनिक स्विंगमध्ये कंबर रोखून खांदे फिरवले जातात. त्या ताणातून वेग मिळतो, पण खुबे आखडलेले असतील तर भार कमरेवर येतो. जुन्या पद्धतीत, जॅक निकलॉसप्रमाणे, डावी टाच उचलली जाते, त्यामुळे खांद्यांबरोबर कंबरही मोकळी वळते. ‘स्टॅक अँड टिल्ट’ पद्धतीत वजन पुढच्या पायावरच राहते. चेंडूवर काठी अचूक बसायला त्याची मदत होते, मात्र पुढच्या खुब्याला आणि बाजूला झुकणाऱ्या पाठीला ते पेलावे लागते. गोल्फरांची सर्वांत परिचित तक्रार कंबरदुखीचीच आहे. टायगर वूड्सला 2017मध्ये कमरेचे मणके जोडून घ्यावे लागले. त्याचे सारे खापर स्विंगवर फोडता येणार नाही, पण इतक्या कसलेल्या शरीरालाही मर्यादा असतात, एवढे त्यातून नक्की कळते.

नवशिक्याला एकच नमुना दिला नाही तर त्याचा गोंधळ उडेल, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. नमुना हवाच, पण तो पकड, तोल, क्रम आणि चेंडूला भिडताना काठीच्या तोंडाची दिशा यांचा असावा. या गोष्टी फ्युरिककडेही काटेकोर आहेत. त्याला अपवाद म्हणून बाजूला काढणारे त्याचा वळसा पाहतात, आघाताचा क्षण पाहत नाहीत. दुसरा आक्षेप अंतराचा : कंबर मोकळी सोडली तर चेंडू जवळच पडेल. पण टाच उचलणारा निकलॉस आपल्या काळात लांब फटक्यांसाठीच ओळखला जाई, आणि 1986ची मास्टर्स त्याने 46व्या वर्षी जिंकली. हौशी खेळाडूचे चार-सहा यार्ड गेले तरी बिघडत नाही. पाठ गेली तर खेळच थांबतो.

म्हणून प्रशिक्षकाने पहिल्या दिवशी काठी हाती देण्याआधी शिकणाऱ्याचे खुबे किती वळतात, घोटे किती वाकतात, एका पायावर तोल राहतो का, हे तपासावे आणि मगच पद्धत निवडावी. क्लबांनी ही तपासणी शिकवणीचा भाग करावी. तिला खर्च जवळपास नाही, आणि पन्नाशीत खेळ सुरू करणाऱ्याला तो सत्तरीपर्यंत खेळता येण्याची शक्यता तिच्यामुळेच वाढते.