सवलतीची वेसण

अमेरिकेत नवा ट्रक विकत घेताना गिऱ्हाइकाने किती पैसे मोजायचे, हे केवळ ट्रकच्या नमुन्यावर ठरत नाही. गिऱ्हाईक कोणाचा नोकर आहे, यावरही ते ठरते. ट्रक म्हटल्यावर आपल्याकडील दहा चाकी मालमोटार डोळ्यांपुढे आणू नये. मागे उघडा हौदा असलेली ती लहान गाडी तेथील सुतार, शेतकरी व गवंडी यांचे कामाचे साधन आहे, आणि मध्यमवर्गाच्या हौसेचे वाहनही. फोर्ड कंपनीची ‘एफ’ मालिका १९७७ सालापासून त्या देशातील सर्वाधिक खपाची ट्रकमालिका ठरत आली आहे. म्हणजे प्रश्न चैनीच्या वस्तूचा नाही. लक्षावधी श्रमिकांच्या संसारातील घरानंतरच्या सर्वांत मोठ्या खरेदीचा आहे.

या खरेदीची व्यवस्था अशी. फोर्डचे कामगार व निवृत्त कामगार यांच्यासाठी ‘ए-प्लॅन’ नावाची सवलतीची किंमत असते. पुरवठादार आणि ‘भागीदार’ म्हणून मान्य झालेल्या कंपन्यांच्या नोकरांसाठी तिच्याहून थोडी चढी अशी ‘एक्स-प्लॅन’ची किंमत असते. मालकाचे नाव यादीत असेल, तर नोकराला एक सांकेतिक क्रमांक मिळतो. तो विक्रेत्याला दिला की घासाघीस संपते आणि ठरलेली किंमत कागदावर उमटते. योजनेत सहभागी व्हायचे की नाही, हे मात्र विक्रेत्याच्या मर्जीवर असते. शिवाय जुन्या गाडीचे मोल, कर्जाचे व्याज आणि वाढीव हमीचा करार ही सर्व दालने योजनेच्या बाहेर राहतात. किमतीत सोडलेला डॉलर बहात्तर वा चौऱ्याऐंशी हप्त्यांच्या कर्जात वसूल करून घेण्याची वाट त्यामुळे मोकळीच असते.

कंपन्यांचे भाट या व्यवस्थेला औदार्य म्हणतात. अर्थशास्त्रात तिला निराळे नाव आहे. ए. सी. पिगू यांनी १९२० साली ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात मूल्यभेदाचे तीन प्रकार सांगितले. त्यांतील तिसरा प्रकार असा : विक्रेता गिऱ्हाइकांचे गट पाडतो आणि एकाच मालासाठी प्रत्येक गटाकडून वेगळा भाव घेतो. येथे गट पाडण्याची खूण वय नाही, गरज नाही, उत्पन्नही नाही. मालकाचे नाव हीच ती खूण! उपाहारगृहातील वाढपी, शेतमजूर, चार घरची साफसफाई करणारी स्त्री यांचे मालक यादीत नसतात. ज्यांची मिळकत तुटपुंजी, त्यांनी पूर्ण भाव द्यावा आणि बड्या कंपनीच्या पगारदाराने कमी द्यावा, असा हा न्याय आहे.

हे औदार्य किती खरे आहे, याचा निकाल कंपन्यांनीच लावून दिला. जून २००५ मध्ये जनरल मोटर्सने कामगारांची सवलत सर्व गिऱ्हाइकांना खुली केली. फोर्ड आणि क्रायस्लर यांनीही लागलीच तोच मार्ग धरला. त्या महिन्यात जनरल मोटर्सची विक्री आदल्या वर्षापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. या जाहिरातबाजीत दोन गोष्टी उघड्या पडल्या. पहिली ही की, काचेवरील चिठ्ठीत लिहिलेली किंमत उत्पादनखर्चातून आलेली नव्हती. ‘सूट’ देता यावी म्हणून ती फुगविलेली होती. दुसरी ही की, कामगाराला हक्क म्हणून दिलेली वस्तू कंपनीने एका दिवसात जगाला वाटून टाकली, आणि कामगाराजवळ विशेष असे काहीच उरले नाही. ज्याचे मोल देणारा आपल्या सोयीने पुसून टाकू शकतो, त्याला हक्क कसे म्हणावे?

पुढचा इतिहास अधिक बोलका आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जनरल मोटर्सने ३०,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. वर्षाचा तोटा १,००० कोटी डॉलरच्या पुढे गेला. १ जून २००९ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ट्रक स्वस्त मिळाला. तो ज्या पगारातून घ्यायचा, तो पगारच गेला. ‘कामगारांची किंमत’ सर्वांना देणाऱ्या कंपनीने कामगारांची खरी किंमत अशी ठरविली.

येथे एका शब्दाचा इतिहास आठवतो. इंग्रजीत ‘ट्रक’ या शब्दाचा एक जुना अर्थ वाहनाशी संबंधित नाही. तो आहे अदलाबदल, वस्तुविनिमय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील खाणमालक व गिरणीमालक मजुरी रोखीने न देता मालाच्या रूपाने देत, किंवा आपल्याच दुकानातून माल घ्यायला लावीत. या पद्धतीस ‘ट्रक पद्धती’ म्हणत. तिला आळा घालण्यासाठी १८३१ साली ‘ट्रक कायदा’ झाला. आपल्या देशात १९३६ च्या वेतन कायद्यानेही मजुरी चलनी नाण्यांत वा नोटांत द्यावी, असे बजावले. या कायद्यांमागचे तत्त्व साधे होते : मजुरी रोख मिळाली तरच मजूर बाजारात स्वतंत्र माणूस म्हणून उभा राहतो. सवलतीची योजना या तत्त्वाला वळसा घालते. कायद्याचा भंग न करता ती मजुरीचा एक भाग मालाच्या रूपात परत आणते, तोही असा की, कामगार ३०-४० हजार डॉलर खर्च करील तरच त्याच्या पदरात पडावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. कामगाराचे चार पैसे वाचतात, तेव्हा समाजवाद्यांनी त्यात मोडता का घालावा? मोडता कामगाराला नाहीच. हातात आलेली सवलत त्याने जरूर घ्यावी. त्यात लाज कसली? प्रश्न आहे तो सवलत वेतनाची जागा घेते तेव्हाचा. पगारवाढ दरमहा मिळते, ती निवृत्तिवेतनात मोजली जाते, आणि तिच्यातून मुलाचे शिक्षण होते की आईचे औषध येते, हे कामगार ठरवितो. सवलत फक्त मालकाच्या मालावर मिळते, आणि ज्याला परवडते त्यालाच मिळते. सर्वांत वाईट म्हणजे ती शेजाऱ्यापासून शेजाऱ्याला तोडते. यादीतला आणि यादीबाहेरचा एकाच गल्लीत राहतात. पण महाग ट्रकविरुद्ध ते एकत्र आवाज उठवीत नाहीत, कारण एकाला आपल्या मालकाचे आभार मानायचे असतात. नाकातली वेसण रेशमी असली, तरी दोरीचे टोक दुसऱ्याच्याच हातात असते.

ट्रक महाग का, हेही पाहिले पाहिजे. युरोपीय देशांनी अमेरिकन कोंबड्यांवर कर बसविला, म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये हलक्या ट्रकच्या आयातीवर २५ टक्के कराची घोषणा केली. कोंबड्यांचे भांडण लोकांच्या स्मरणातून गेले. कर दशकानुदशके राहिला. त्याच्या आडोशाला कंपन्यांनी ट्रकवर भरघोस नफा मिळविला. एप्रिल २०२५ मध्ये आयात मोटारींवर नवा २५ टक्के कर लागला, तेव्हा फोर्डने पुन्हा ‘कामगारांची किंमत’ सर्वांना देऊ केली. वीस वर्षांपूर्वीचाच खेळ, नव्या फलकाखाली!

हा प्रश्न आपल्या दारापर्यंत आलेला आहे. आपल्याकडील मोटारविक्रेतेही ‘कॉर्पोरेट’ सवलत देतात. त्यासाठी नामवंत कंपनीचे ओळखपत्र दाखवावे लागते. चाकण-भोसरीच्या पट्ट्यातील कंत्राटी कामगाराच्या गळ्यातील ओळखपत्रावर मात्र ठेकेदाराचे नाव असते. गाडी त्याच्या हातांनी जुळविली जाते, सवलतीची यादी त्याला ओळखत नाही. आणि ज्यांची नावे यादीत असतात, त्यांनी तळेगावकडे पाहावे. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबविली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या कारखान्यातील उत्पादन बंद केले. नोकरीला बांधलेले सारे लाभ नोकरीबरोबरच बुडतात.

मग मार्ग कोणता? तोही अमेरिकन कामगारांनीच दाखविला आहे. २००७ च्या करारात नव्या कामगारांना ताशी सुमारे १४ डॉलरच्या दुय्यम श्रेणीत ढकलण्यात आले होते. सवलतीची कोणतीही योजना ही दरी बुजवू शकली नाही. १५ सप्टेंबर २०२३ पासून मोटारकामगारांच्या संघटनेने तिन्ही बड्या कंपन्यांविरुद्ध एकाच वेळी संप केला. सुमारे सहा आठवड्यांच्या लढ्यानंतर करारकाळात मूळ वेतनात २५ टक्के वाढ मिळाली, महागाईभत्ता परत आला आणि श्रेणींची उतरंड बरीच मोडली. हे सारे रोख होते, आणि कोणाच्या दालनात ओळखपत्र दाखवून मिळालेले नव्हते.

कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. कराराच्या टेबलावर व्यवस्थापन पगाराऐवजी कूपने, सवलती व ‘कुटुंबाची’ भाषा पुढे करील, तेव्हा दोन मागण्यांवरून हटू नये : जे द्यायचे ते वेतनात द्या, आणि जे वेतनात द्याल ते कंत्राटी साथीलाही द्या. रास्त भाव हा नागरिकाचा हक्क असला पाहिजे. तो मालकाच्या शिफारशीने मिळणार असेल, तर गिऱ्हाईक बाजारातही नोकरच राहील.