ठासणीच्या बंदुकीची नळी किती इंची हवी? कायदा काय म्हणतो आणि शेताला काय लागतं

शहाड : शहाड सोडून म्हारळ, वरप, कांब्याच्या दिशेने निघालं की शहर हळूहळू मागे पडतं आणि भाताची खाचरं दिसू लागतात. पुढे रायते, गोवेली, मुरबाड, आणि पलीकडे शहापूर. भात निसवला की या सगळ्या पट्ट्यात रात्रीचा विषय एकच, रानडुक्कर. कळप खातो त्यापेक्षा तुडवतो आणि उकरतो जास्त. मग घराघरांत जुन्या ठासणीच्या बंदुकीची आठवण निघते आणि बोलणं नळीच्या लांबीवर येऊन थांबतं. एक म्हणतो, जितकी नळी लांब तितका मारा लांब. दुसरा म्हणतो, कापून आखूड करा, माळ्यावर धरायला बरी. पहिलं म्हणणं अर्धंच खरं आहे. दुसरं तर थेट तुरुंगात नेणारं आहे.

वीस इंचांचा नियम नेमका काय?

शस्त्र कायदा 1959 च्या कलम 13 मध्ये आत आटे नसलेल्या, म्हणजे गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी अशी बंदूक हवी असेल तर तिची नळी 20 इंचांपेक्षा कमी नसावी. 20 इंच म्हणजे साधारण 51 सेंटिमीटर, आणि हे माप फक्त नळीचं, दस्त्यासकट अख्ख्या बंदुकीचं नव्हे. त्याच कलमात पुढे खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. ठासणीची पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर तो शेतकऱ्याला दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही मंजूर करू शकतो.

इथेच लोकांचा घोळ होतो. 20 इंच चालतात ना, मग आपली 36 इंची नळी 24 वर आणली तर काय बिघडलं? बिघडतं ते असं की कलम 6 प्रमाणे परवान्याशिवाय कुठल्याही बंदुकीची नळी आखूड करणं हाच मुळात गुन्हा आहे. कापल्यावर किती इंच उरली याला अर्थ नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला कमीत कमी 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. नुसती विनापरवाना बंदूक बाळगली तर 2 ते 5 वर्षं. म्हणजे बंदूक ठेवण्यापेक्षा तिच्यावर करवत चालवणं महागात पडतं. गावातल्या वेल्डिंगवाल्यानेही हे ध्यानात ठेवावं, कापणारा तोच असतो.

लांब नळीने खरंच फरक पडतो का?

ठासणीच्या बंदुकीत काळी दारू असते. ती भसकन पेटते आणि छर्ऱ्यांना मोठा धक्का नळीच्या पहिल्या भागातच मिळतो. साधारण 24 इंचांच्या पुढे वेग वाढतो, पण दर इंचाला थोडाच. 30 इंचीच्या जागी 40 इंची घेतली म्हणून बार दुप्पट लांब जात नाही.

छर्रे किती पसरतात हेही लांबीवर ठरत नाही. ते ठरतं नळीचं तोंड किती आवळलेलं आहे त्यावर, आणि ठासणीची नळी बहुधा सरळच असते. त्यामुळे नळी कितीही लांब असली तरी 30-35 पावलांच्या पुढे छर्रे विरळ होतात. त्याहून लांब मारलं तर डुक्कर पडत नाही, जखमी होतं. आणि जखमी डुक्कर सकाळी गवत कापायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं.

लांब नळीचा खरा फायदा नेमाचा. माशी आणि डोळा यांत अंतर जास्त, त्यामुळे नेम स्थिर बसतो. तोटा असा की बंदूक पुढे जड होते. शिवाय ठासणी भरायची ती तोंडाकडून. 42 इंची नळी आणि दस्ता मिळून उंची पाच फुटांच्या जवळ जाते. मध्यम उंचीचा माणूस गज मारायला उभा राहिला की नळीचं तोंड त्याच्या हनुवटीशी येतं. आत ठिणगी शिल्लक असेल तर काय होईल ते सांगायला नको.

फार आखूड नळीची अडचण वेगळी. माळ्यावर बसून बार काढला तर नळीचं तोंड माळ्याच्या आतच राहतं आणि काळ्या दारूच्या ठिणग्या पेंढ्यावर पडतात. म्हणून परवान्यावर नवीन घेणाऱ्याने 28 ते 32 इंचांच्या दरम्यानची बघावी. 12 बोरच्या बंदुकाही साधारण याच मापाच्या असतात. खांद्याला लावून बघा, एका हातावर तोलून बघा, मग ठरवा.

परवाना बंदुकीचा, डुकराचा नाही

ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नाही. वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये आहे. पिकाला धोका असेल तर मारण्याची लेखी परवानगी वन खात्याकडूनच घ्यावी लागते, त्यासाठी आपल्या भागातल्या वनक्षेत्रपालांकडे अर्ज करायचा. ती नसेल तर परवान्याची बंदूक असूनही वनगुन्हा दाखल होतो.

रात्रीचं टोळीने रानात जाणं तर वेगळाच धोका. जानेवारी 2025 च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात गावकरी शिकारीला गेले आणि रानडुक्कर समजून आपल्याच साथीदारावर गोळी चालली. माणूस गेला, बाकीचे गजाआड. अंधारात हललेलं गवत हे निशाण नसतं.

आजोबांची बंदूक घरात असेल तर

परवाना वारसाने आपोआप येत नाही. शस्त्र नियम 2016 मध्ये वारसाच्या नावावर करून घेण्याची सोय आहे. परवानाधारक वारला तर वारसाला अर्ज करता येतो. परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असली, तर तो हयातीतच वारस सुचवू शकतो. कल्याण, शहाड, उल्हासनगर शहर भागात अर्ज ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण तालुक्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे. परवान्यावर यूआयएन नंबर आहे का तेही बघून घ्या.

बंदुकीआधी हे करा

डुकराने नुकसान केलं की 3 दिवसांच्या आत वन खात्याकडे तक्रार द्या आणि पंचनामा करून घ्या. मोबाईलवर खाचराचे फोटो काढून ठेवा. दुसरं, वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पीक विम्यात जादा संरक्षण म्हणून खरीप 2026 पासून घेण्याचं केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. त्यात 72 तासांत पीक विमा ॲपवर कळवायचं आहे. पण कुठले प्राणी आणि कुठले भाग हे राज्याने ठरवायचं आहे. मुरबाड, शहापूर, कल्याण ग्रामीणची नावं त्या यादीत येण्यासाठी आत्तापासून ग्रामसभांनी ठराव करून तहसील आणि कृषी कार्यालयात दिले पाहिजेत. पंचनाम्यांची संख्या कमी दिसली तर आपल्याकडे डुकराचा त्रासच नाही असं कागदावर ठरेल. नळी दोन इंच लांब की आखूड यावर रात्र घालवण्यापेक्षा हा कागद पुढे सरकवणं शेतकऱ्याच्या जास्त कामाचं आहे.