दुसरी प्रत

अतिचंचल मुलासाठी डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेटच्या गोळ्या लिहून दिल्या. आईने तीन दुकाने पालथी घातली. चौथ्या दुकानात गोळ्या होत्या, पण दुकानदाराने चिठ्ठी परत केली, ‘‘ताई, दुसरी प्रत आणा.’’ उगीच अडवतो आहे, असेच कोणत्याही आईला वाटेल.

पण ही अडवणूक नव्हे, नियम आहे. १९४५ च्या औषध नियमांतील ‘शेड्यूल एक्स’मध्ये नशेसाठी गैरवापर होऊ शकेल अशी मोजकी औषधे आहेत. ती विकायला वेगळा परवाना लागतो, म्हणून ती सगळीकडे मिळत नाहीत. दुकानदाराने ती कुलपात ठेवायची, चिठ्ठी दोन प्रतींत घ्यायची आणि एक प्रत दोन वर्षे जपायची. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या ‘एच-वन’ यादीत येतात. २०१४ पासून त्यांच्या विक्रीची नोंद, डॉक्टर व रुग्णाच्या नावासह, वेगळ्या वहीत होते.

म्हणून दवाखान्यातून निघण्यापूर्वीच चिठ्ठी नीट पाहा. तारीख, सही, रुग्णाचे नाव-पत्ता, गोळ्यांची एकूण संख्या हवीच. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळते. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच नवी चिठ्ठी घ्या. मुलाचा डोस चुकायला नको.

ओळखीचा दुकानदार चिठ्ठीशिवाय गोळ्या देतो, याचे कौतुक मात्र नको. आज तो तुम्हाला देतो. उद्या तुमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलालाही देईल.