कल्चरआधीचे मेरोपेनेम

स्वादुपिंडाला तीव्र सूज आली, ताप चढला, पांढऱ्या पेशी वाढल्या की मेरोपेनेम हे अँटिबायोटिक लावून टाकावे, म्हणजे रक्तात जंतू शिरणार नाहीत, हा समज डॉक्टरांत आणि नातेवाइकांतही घट्ट बसलेला आहे. धाडसारख्या गावातून रुग्ण बुलढाण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात हलवायचा असला, की ‘वाटेत काही होऊ नये’ हे कारण तर बिनतोड वाटते. पण पहिल्या दिवसांतला ताप बहुधा जंतूंचा नसतो. स्वादुपिंडाचे पाचकरस त्यालाच पचवू लागतात, त्या दाहाचा असतो. शिवाय हा समज तपासून झालेला आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 100 रुग्णांपैकी निम्म्यांना आधीच मेरोपेनेम दिले, निम्म्यांना नुसते दिखाऊ औषध. स्वादुपिंडात संसर्ग झाला तो अनुक्रमे 18 आणि 12 टक्क्यांना. मृत्यू 20 आणि 18 टक्के. एवढ्या लहान चाचणीवरून औषधाने संसर्ग वाढतो असे म्हणता येणार नाही, पण तो टळतो असे म्हणायला तर काहीच आधार उरत नाही.

‘ती चाचणी परदेशातली, आपले जंतू निराळे’ असा आक्षेप येतो. जंतू निराळे आहेतच, आणि म्हणूनच हा आक्षेप उलटतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2009 मध्ये कार्बापेनेमला, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना, न जुमानणारे 24 जंतू तपासले. 22 मध्ये ही औषधे निकामी करणारे एनडीएम-1 जनुक सापडले. ते सगळे स्वादुपिंडाचे रुग्ण नव्हते, हे खरे. पण ही जनुके एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात, आणि आतड्यातले साधे जंतू औषधाने मारले की मोकळी जागा अशाच क्लेबसिएला-अ‍ॅसिनेटोबॅक्टरना मिळते. पुढे आतड्याचे अस्तर झिरपू लागले की रक्तात उतरतात ते हेच उरलेले, मेरोपेनेम पचवून बसलेले.

अधिक वजनदार आक्षेप वेगळा आहे. नेदरलँड्समधल्या 731 रुग्णांच्या अभ्यासात रक्तातला संसर्ग साधारण सातव्या दिवशीच आढळला. स्वादुपिंडाच्या मृत ऊतींतला मात्र सव्विसाव्या दिवसाच्या आसपास. रक्तात जंतू इतक्या लवकर येत असतील तर थांबायचे कसे? संसर्गाची खूण असेल तर थांबू नयेच. पित्तखड्याने नलिका तुंबून तिथे संसर्ग झाला असेल, जंतुदोषाने रक्तदाब कोसळत असेल, तर तासाभरात औषध हवेच. फक्त त्याआधी रक्ताचे दोन कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठीचे नमुने, घ्यावेत. त्याला काही मिनिटे लागतात. गावात प्रयोगशाळा नसली तरी बाटल्या रुग्णाबरोबर जाऊ शकतात, फ्रीजमध्ये न ठेवता. संसर्गाची खूण नसेल तर सलाईन, वेदनाशमन, लवकर तोंडाने, न जमल्यास नळीने अन्न आणि शिरेतल्या नळीची स्वच्छता, एवढेच उपचार पुरेत. 2022 च्या मँचेस्टरच्या चाचणीत जंतुसंसर्गात रक्तात वाढणारे प्रोकॅल्सिटोनिन पाहून निर्णय घेतल्यावर अँटिबायोटिक मिळालेले रुग्ण 63 वरून 45 टक्क्यांवर आले, आणि संसर्ग वाढले नाहीत. ही तपासणी सर्वत्र नसेल. रेफरच्या चिठ्ठीवर कोणते औषध किती वाजता दिले आणि कल्चर त्याआधी घेतले का, एवढे लिहायला मात्र कोणतेही यंत्र लागत नाही.