औषध पावसाच्या आधी की नंतर?

रांगडा कांदा वाढीला लागलेला असतो, आभाळ भरून येतं, पाऊस पडून जातो. चार-सहा दिवसांनी पातीवर जांभळट चट्टे दिसतात आणि मग सगळे कृषी सेवा केंद्रात. दुकानदार देईल ते औषध, वर एखादं टॉनिक, आणि संध्याकाळी पंप पाठीवर. टोमॅटोच्या करप्याचीही हीच तऱ्हा. हा क्रमच उलटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मँकोझेब, क्लोरोथॅलोनिल, कॉपर ऑक्सिक्लोराईड ही स्पर्शजन्य औषधे. ती पानावर थर धरून बसतात आणि बुरशीचे बीजाणू रुजू देत नाहीत. बुरशी एकदा पानाच्या आत शिरली की त्यांचा इलाज चालत नाही. म्हणजे ही औषधे पान ओलं होण्याआधी, कोरड्यावर मारायची. ती वाळायला काही तास उघडीप हवी. फवारा झाला आणि तासाभरात सर आली, तर औषध मातीत आणि मजुरी पाण्यात. त्यात कांद्याची पात मेणचट न् उभी; चिकटद्रव्य नसेल तर थेंब घसरून जातो. आंतरप्रवाही औषध पानात शिरून थोडंफार सावरतं, पण तेच तेच मारलं की बुरशी त्याला सरावते.

तेव्हा फवारणी ठरवायची ती पुढच्या चार-पाच दिवसांकडे बघून. दोन-तीन दिवस ढगाळ, दमट, पावसाची शक्यता असा अंदाज असेल, तर त्याआधीच्या उघडिपीत, वारा पडलेला असताना मारावं. हवा कोरडी, ऊन स्वच्छ आणि रात्री दवही नसेल, तर केवळ ठरलेला वार आला म्हणून पंप काढू नये. द्राक्षवाले हे कधीच शिकले. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानावर आधारित सल्ला ते दर आठवड्याला पाहतात. बटाट्याच्या करप्यासाठी शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने हवामानावरून इशारा देण्याची पद्धत बसवली आहे. कांदा-टोमॅटोवाल्यानेच तेवढं वार बघून का फवारावं?

वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवा, हा विनोद जुनाच. अंदाज चुकतो हे खरं. ओढ्याच्या अलीकडे पाऊस, पलीकडे फुफाटा, हे आपण बघतोच. पण पाऊस आला नाही तर एक फवारा वाया गेला, एवढंच. आला आणि फवारलेलं नसलं तर सगळा प्लॉट जातो.

२४ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ग्रामपंचायतनिहाय पाच दिवसांचा हवामान अंदाज सुरू केला. ई-ग्रामस्वराज आणि 'मेरी पंचायत' ॲपवर तो मिळतो. चांगला मोबाईल असलेला बघेल. पण साधा फोन असलेल्या आणि वाट्याने कांदा करणाऱ्या माणसाचं काय? ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (आपल्या तोंडात अजून ग्रामसेवकच येतं) रोज संध्याकाळी तो फळ्यावर उतरवावा: पाऊस, ढग, आर्द्रता, वारा. सकाळी दूध घालायला सगळं गाव येतं, तिथंही एक फळा टांगावा. कृषी खात्याच्या माणसाने मंगळवार-शुक्रवारच्या कृषी हवामान सल्ल्यातलं आपल्या गावच्या पिकापुरतं दोन ओळींत खाली लिहावं. खर्च खडूचा.

येत्या ग्रामसभेत सरपंचांनी हा विषय घ्यावा. फळ्यावरची मागल्या वर्षीच्या घरपट्टीची सूचना तेवढी आधी पुसावी लागेल.