मोटार बाहेर, वाकस आत

घर बांधताना मोटारीसाठी म्हणून जी खोली काढतात, तीत मोटार फार दिवस राहत नाही. बोरीसारख्या गावी तर मुळीच नाही. आधी गव्हाच्या कोठ्या येतात, मागून मोडकी सायकल, मग पाहुण्यांच्या गाद्या. आमच्या दहा बाय चौदाच्या खोलीत गेल्या वर्षी एका सुताराची हत्यारे आली आणि मोटार कायमची लिंबाखाली गेली.

हत्यारे गावातल्या एका वृद्ध सुतारमामांची. तिफणी, वखर, गाडीची चाके यांत त्यांचा जन्म गेला. मुलगा पुण्यात प्लायवूडची कपाटे करतो; त्याला विजेची यंत्रे पुरतात. मामांची नजर अधू झाली तेव्हा भंगारवाला येऊन वजनाचा भाव सांगून गेला. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली 'गावगाडा'त बलुतेदारांचा संसार मांडला. त्यातलाच एक माणूस आपली मिळकत किलोवर तोलून देतो आहे, हे मला बघवेना. मी किंमत दिली. मामांनी ती मोजून घेतली आणि वर अट घातली, "सर, शोभेला टांगायची असतील तर भंगारवालाच बरा. हत्याराला हात लागला पाहिजे."

आता प्रश्न जागेचा. वाकस, लहानमोठे चार रंधे, तीन करवती, पटाशा, किकरे, गिरमिट, सामता, गुण्या, कानशी. वाकस तर निजामी राजवटीतला, म्हणजे 1948 च्या आधीचा. शिवाय मामांनी साठवलेली बाभळीची आणि सागाची लाकडे! "गव्हाच्या कोठ्या हलणार नाहीत," असे घरातून आधीच बजावण्यात आले होते. कोठ्या हलल्या नाहीत, हे निराळे सांगायला नको.

मी चित्रे पाहू लागलो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावी हेन्री स्टडली नावाचा पियानो बनवणारा कारागीर होऊन गेला. मिटल्यावर जेमतेम चाळीस इंच उंच आणि वीस इंच रुंद भरणाऱ्या पेटीत त्याने सुमारे तीनशे हत्यारे बसवली होती. एक थर बिजागरीवर उघडावा, तर मागे दुसरा. मी ते चित्र मामांना फोनवर मोठे करून दाखवले. त्यांनी फोन डोळ्यांशी नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "पेटी झकास आहे. पण हा गडी उभ्यानं काम करतोय."

सगळी मेख इथेच आहे, वाचकहो. साहेबाचा सुतार उभा राहतो, म्हणून त्याला खोलीच्या मधोमध भलेथोरले मेज लागते आणि त्याची हत्यारे छातीच्या उंचीला लटकतात. आपला सुतार जमिनीवर बसतो. लाकूड पायाने दाबून धरतो. पाय हाच त्याचा शिकंजा. मामा कोपऱ्यात बसले, हात लांब केला आणि खडूने भिंतीवर कमान ओढली. कमानीच्या आत रोजची हत्यारे, बाहेर क्वचित लागणारी. गिरमिट आणि सामता वर गेले. वाकस उजव्या हाताशी आला. मोजपट्टी लागलीच नाही. सुतार हा शब्द 'सूत्रधारा'पासून आला, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगतो. त्या दिवशी खडूच्या रेघेत तो मला दिसला.

भिंतीवर पट्ट्या ठोकल्या त्या कड 45 अंशांत तासून. खणांच्या मागेही तशीच उलटी पट्टी. खण नुसता वर उचलला की निघतो, हवा तिथे अडकतो. पावसाळ्यात ओल धरणारी पश्चिमेची भिंत मात्र मोकळी ठेवली. रंधा आडवा, कुशीवर ठेवायचा, म्हणजे पाते टेकून बोथट होत नाही. करवतीच्या दातांना चिरलेल्या बांबूची म्यान. गंजू नये म्हणून तेलाचा हात आणि खणात कापराच्या वड्या. लाकडे वर कड्यांवर आडवी, मध्ये चिपा घालून, म्हणजे वारा खेळतो. परभणीकडच्या उन्हाळ्यात ओले लाकूड एकदम सुकले तर तडकते.

एका बाबतीत मात्र मामांचे नि माझे जमले नाही. वर्गात उभे राहून राहून माझे गुडघे मांडी घालायला राजी नाहीत. तेव्हा दोन फुटी फळी बिजागऱ्यांनी भिंतीला जोडली. काम झाले की खाली पडते, कोठ्यांची वाट मोकळी. मामा तिला 'सरांचं टेबल' म्हणतात. या शब्दांत कौतुक अजिबात नसते.

यंदा खंडेनवमीला हत्यारे उतरवून पुसली, मांडली. मामांना बोलावले होते. त्यांनी हळदकुंकू वाहिले आणि नजरेचे काम बोटांवर सोपवून एकेक हत्यार चाचपले. धाकट्या रंध्याशी हात थांबला. तोंडात सागाची एक ढलपी अडकून राहिली होती, आदल्या रात्रीच्या पाटाची. ती त्यांनी काढली, बोटांत चुरली, वास घेतला. मग निसणा मागितला आणि पाते घासायला बसले. चहा दोनदा गरम करावा लागला.